तीननंतरचा श्वास

पणजोबांना लोक ‘पहाड’ म्हणत, कारण ते ओझ्याखालून कधी हलले नाहीत. आजोबांना ‘ओळंबा’ म्हणत, कारण त्यांनी उतरवलेले यंत्र जमिनीला कधी तिरके टेकले नाही. वडिलांना ‘घंटा’ म्हणत, कारण त्यांची हाक तीन मजले चढून पुन्हा उतरत असे. तिन्ही पिढ्यांनी एकच काम केले. जिथे क्रेन शिरत नाही अशा बोळांतून अवजड यंत्रे दोर, कप्प्या आणि माणसे यांच्या बळावर वर चढवायची, खाली उतरवायची. तिघेही आपापल्या काळी टोळीचे हाकारी होते. म्हणजे ज्याच्या हाकेवाचून टोळीतला एकही हात हलत नाही असा माणूस. चौथ्या पिढीत घंटा यांना मुलगा नव्हता, मुलगी होती. तिला कोणी विचारले नाही आणि तिनेही कोणाला विचारले नाही. वडिलांचा आवाज ज्या दिवशी कायमचा बसला, त्या दिवशी ती त्यांच्या जागी जाऊन उभी राहिली आणि तिने हाक दिली. टोळी हलली. त्याला नऊ वर्षे झाली. घरात तिला थोरली म्हणत, टोळीत ताई.

हाकारी खाली उभा असतो. त्याला यंत्र दिसते, दोर दिसतो. भिंतीआडची माणसे दिसत नाहीत. म्हणून या धंद्यात प्रत्येक जागेला आकडा असतो, आणि भार सुटण्याआधी प्रत्येकाने आपल्या जागेवरून आपला आकडा ओरडून द्यायचा असतो. आकडा दिला याचा अर्थ, मी जागेवर आहे, माझे काम माझ्या हातात आहे, आता खुशाल भार टाका. काम संपले की तेच आकडे उलट्या क्रमाने परत द्यायचे, आणि हाकाऱ्याने प्रत्येकाला ‘मिळाला’ म्हणायचे. शेवटचा आकडा मिळेपर्यंत काम संपले असे कोणी म्हणत नाही. नियम एकच, पण त्याला अपवाद नाही. आपला आकडा आपणच द्यायचा. भाऊ असो, जावई असो, जिवाचा जिवलग असो, दुसऱ्याचा आकडा आपल्या तोंडून काढायचा नाही.

थोरलीच्या टोळीत माणसे सहा होती, पण आकडे सातापर्यंत जात. एक, दोन, तीन, मग एक श्वास, मग पाच, सहा, सात. टोळीत नवा आलेला माणूस हमखास विचारी, “चार कुठं गेला?” जुने लोक सांगत, “चार आपल्याला लाभत नाही.” यावर कोणी अधिक बोलत नसे.

चोवीस वर्षांपूर्वी एक लोखंडी लेथ असाच उंचावरून उतरवताना घात झाला होता. शेवटचा ठोकळा काढला, यंत्र उंबरठा सोडून बाहेर झुलले आणि परतीच्या झोक्यात तीनच्या जागेवर उभ्या असलेल्या माणसावर आले. तो माणूस म्हणजे थोरलीचे सख्खे काका. त्यांचे उजवे पाऊल गेले. तो झोका ज्याने दोराने आवरायचा, तो चौथा जागेवर नव्हता. साऱ्या टोळ्यांचे हाकारी जमले, चौकशी बसली. घंटा म्हणाले, “मी चार ऐकला, म्हणून हाक दिली.” चौथा शपथेवर सांगत राहिला की, मी आकडा दिलाच नाही, मला तर पहार आणायला खाली पाठवले होते. हाकाऱ्याच्या शब्दापुढे त्याचे कोण ऐकणार? आकडा देऊन जागा सोडणारा म्हणून त्याच्यावर कायमचा शिक्का बसला. त्यानंतर एकाही टोळीने त्याला दोराला हात लावू दिला नाही.

घंटा यांनी तो आकडा पुन्हा कोणाला दिला नाही. तीननंतर ते एक श्वास थांबत. लोकांना वाटे, भावाच्या पावलाची आठवण काढतात.

खरे काय ते थोरलीला शेवटच्या आजारपणात कळले. आवाज गेला होता. वडील कुजबुजले तेव्हा तिला कान त्यांच्या ओठांशी न्यावा लागला. “चार मी ऐकला हे खरं. पण तो त्याच्या तोंडचा नव्हता, त्याला तर पहार आणायला मीच खाली पाठवलं होतं. तुझ्या काकाच्या तोंडचा होता. घाई झाली होती त्याला. भावाचा आवाज ओळखणार नाही का मी? ओळखला, आणि तरी हाक दिली. चौकशीत ‘ऐकला’ म्हणालो, ‘कोणाचा’ ते सांगितलं नाही. त्या माणसाचा आकडा माझ्याकडे राहिलाय, पोरी. फेड.”

तिने काकांना विचारले. काकांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हणाले, “एक पाऊल दिलंय मी त्यापायी. आता नावही देऊ का? मी आहे तोवर तोंड उघडायचं नाही. शपथ आहे तुला.” काकांनी तिला खांद्यावर बसवून वाढवले होते. ती गप्प राहिली. बापाचे वचन एका खांद्यावर आणि काकांची शपथ दुसऱ्या, अशी नऊ वर्षे ती हाका देत आली होती.

त्या दिवशीचे काम एका जुन्या छापखान्याचे होते. तिसऱ्या मजल्यावरून साडेतीन टनांचे छपाईयंत्र बोळात उतरवायचे होते. हे नीट उतरले तर उरलेली सहा यंत्रेही याच टोळीची, असे मालकांनी कबूल केले होते. बोळाचा रस्ता दुपारी एक वाजेपर्यंतच बंद ठेवायची परवानगी होती.

सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांची गाडी अडवली. अंगावर खाकी सदरा, पिकलेल्या मिशा, हातात लाल निशाण.

“गाडी इथं नको. मागं घ्या.”

आवाज ऐकताच गाडीत पुढे बसलेल्या काकांनी मान फिरवली. ते आता काम करत नसत, पण मोठ्या कामाला खुर्ची टाकून बसत आणि फुकटचे सल्ले देत. थोरलीने खाली उतरून त्या माणसाकडे पाहिले. चोवीस वर्षांत केस गेले होते, खांदे उतरले होते. उभे राहण्याची ढब मात्र तीच होती, दोन्ही टाचा जमिनीत रोवून, दोराला ओढ बसणार असल्यासारखी.

“घंटाची लेक ना तू?” तो म्हणाला.

“हो.”

“आवाज बापासारखा आहे म्हणतात.”

“तुम्हीच ऐका आणि सांगा.”

“ऐकतो की. कान तेवढे शाबूत राहिलेत. बाकीचं सगळं मोडीत काढलंय.” तो हसला नाही. त्याने गाडीत पाहिलेही नाही. निशाण खांद्यावर टाकून तो बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

थोरलीने एकदा वळून त्याच्याकडे पाहिले. पण काम समोर असताना मनाचे लाड करायचे नसतात. तिने रीतीप्रमाणे सगळ्यांचे हात पाहिले. जखमी तळवा असेल तर त्या दिवशी दोर नाही, सरळ घर. सगळ्यांचे तळवे धड होते. मग तिने जागा वाटल्या. तारदोर गुंडाळणाऱ्या हातचरख्यावर एक आणि दोन. हे नात्याने सासरे आणि जावई. एरवी एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत, आकडे मात्र चोख देत. यंत्राला धरून असलेल्या ठोकळ्याशी, खिडकी काढून मोकळ्या केलेल्या उंबरठ्यावर, तीन. तो काकांचा मुलगा. तिशी उलटली तरी टोळी त्याला ‘धाकटा’च म्हणे. त्याच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत, पाच. यंत्र बाहेर झुलले की त्याला बांधलेला आवरदोर खुंट्याभोवती धरून पहिला झोका त्यानेच थोपवायचा. ही जागा मास्तरांची. ते कधी काळी शाळेत कवायत शिकवत, आणि आकडा अजून त्याच सुरात लांबवून देत, “पाऽऽच!” सहा बोळात, सात गच्चीवरच्या तुळईपाशी.

बारा वाजून वीस मिनिटांनी यंत्राची मागची बाजू तेवढी उंबरठ्यावर उरली होती; बाकी सगळे धूड बाहेर तारदोरावर तोललेले होते. एक ठोकळा काढायचा, की साडेतीन टन हवेत. मालक घड्याळ पाहत होते. काका खुर्चीत पुढे झुकले होते.

थोरलीने हात वर केला. “आकडे!”

“एक!”

“दोन!”

“तीन!”

एक श्वास.

“पाच!”

“सहा!”

“सात!”

सगळे आकडे आले. आता फक्त ‘सोडा’ म्हणायचे. शब्द जिभेवर आला आणि तिथेच थिजला.

पाच आखूड आला होता. मास्तरांचा पाच असा कधी येत नाही. आवाज त्याच भिंतीवरून आला होता, पण मजलाभर वरून.

तिने नकळत बोळाच्या तोंडाकडे पाहिले. पहारेकऱ्याने मान वळवली होती. लाल निशाण त्याच्या हातात ताठ उभे राहिले होते. त्यालाही ऐकू आले होते. चोवीस वर्षांनी तेच पुन्हा घडत होते. तो तिच्याकडे फक्त पाहत राहिला. आता तू काय करतेस ते बघू, असे त्या नजरेत स्पष्ट होते.

“धरा!” थोरली ओरडली. “कोणी हलायचं नाही. ठोकळ्याला जोड ठोकळा लावा. चरख्यात पहार घाला!”

वर ठोकाठोक झाली. चरख्याचा दात कडकन बसला. यंत्र आहे तिथेच लोंबकळत राहिले आणि तारदोर मंद करकरू लागला.

“आता काय झालं?” मालक धावत आले. “एक वाजता रस्ता उघडायचाय मला! सगळ्यांनी आकडे दिले की.”

“दिले. पण ज्याचा त्याने दिला नाही.”

“म्हणजे?”

तिने वर तोंड केले. “मास्तर! आकडा पुन्हा द्या.”

दुसऱ्या मजल्याची खिडकी मुकी राहिली. मग तळमजल्याच्या दारातून मास्तर बाहेर आले. डाव्या हाताला रुमाल गुंडाळलेला, रुमालावर लाल डाग. त्यांचा चेहरा असा होता की एखाद्या विद्यार्थ्याने पाहिला असता तर जन्मभर मास्तरांची भीती गेली असती.

“तारेचं टोक लागलं, ताई. हात पाहून झाल्यावर लागलं. वाटलं, तुम्ही घरी धाडाल. म्हणून धुऊन, बांधून येतच होतो. दोन मिनिटांचं काम.”

“मग खिडकीतून पाच कोण बोललं?”

मास्तरांनी मान खाली घातली. “ते मला विचारू नका. माझ्यासाठी केलंय कोणीतरी. मी सांगणार नाही.”

“अगं, आला ना तो!” काका खुर्चीतून कडाडले. “पाठव वर आणि सोड म्हण. एवढं काय आभाळ कोसळलं? दोन मिनिटं मागंपुढं.”

“फाटक्या हाताला दोर नाही, काका. आणि प्रश्न हाताचा नाही.”

“मग कशाचा?”

“आवाजाचा.”

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी आवाज खाली आणला, पण धार तीच होती. “थोरले, झाकली मूठ सव्वा लाखाची. चारचौघांत उघडू नकोस. मालक उभे आहेत. सहा यंत्रांचं काम आहे. घरी गेल्यावर काय ते बघू.”

थोरलीने वर पाहिले. तिसऱ्या मजल्याच्या उंबरठ्यावर धाकटा उभा होता, हात ठोकळ्यावर, तोंड भिंतीकडे. कोणाचा आवाज, हे तिला विचारावे लागणार नव्हते. पण हाकारीण ओळखते म्हणून चालत नाही; माणसाने आपल्या तोंडाने सांगावे लागते. नाहीतर उद्यापासून या टोळीचा एकही आकडा खरा धरता येणार नाही, आणि ज्या टोळीचे आकडे खरे नाहीत ती टोळी नव्हे, एका दोराला लटकलेली सहा माणसे.

विचारणार होती, तोच तिला स्वतःचीच लाज वाटली. कोणत्या तोंडाने विचारणार? ज्या घराने चोवीस वर्षे एक खोटा आकडा पोटात ठेवला, त्या घराची मुलगी दुसऱ्याला म्हणणार, खरे बोल?

“मालक,” ती म्हणाली, “मला पाच मिनिटं लागतील. परवडत नसेल तर काम दुसऱ्या टोळीला द्या. यंत्र परत आत घेऊन देते आणि जाते.”

“पाच मिनिटांत काय होणारे?”

“चोवीस वर्षांचं राहिलंय, ते होईल.”

मालकांना यातले काही कळले नाही, पण तिच्या आवाजापुढे ते एक पाऊल मागे सरले. थोरली बोळाच्या मधोमध गेली, जिथून तिचा शब्द चारी दिशांना पोचेल, आणि तिने हाक देतात त्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

“ऐका सगळे. वरचे, खालचे, गच्चीवरचे. पाच कोणी दिला ते मी अजून विचारत नाही. आधी मी सांगते. आपण तीननंतर श्वास घेतो. चार लाभत नाही म्हणून नाही. तो आकडा आमच्या घराने चोरला होता, म्हणून.”

“थोरले!” काका उठले. काठी दगडावर आपटली. “शपथ आहे तुला!”

“शपथ मी नऊ वर्षं पाळली, काका. तेवढ्यात आपल्या टोळीत तेच पुन्हा उगवलं.”

“कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! खांद्यावर घेऊन फिरवली, ती यासाठी?”

तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. “लेथचा घात झाला त्या दिवशी चौथ्याने आकडा दिला नव्हता. त्याला पहार आणायला माझ्याच वडिलांनी पाठवलं होतं. चार दुसऱ्या तोंडातून आला. वडिलांनी तो आवाज ओळखला, तरीही हाक दिली, आणि चौकशीत सांगितलं, मी चार ऐकला. ते खोटं बोलले नाहीत. खरं मात्र गिळलं. चौथ्याची काडीइतकी चूक नव्हती. तो चौथा तिथं उभा आहे, हातात निशाण घेऊन.”

सगळ्या माना वळल्या. पहारेकऱ्याने निशाण खाली केले.

“दुसरं तोंड कोणाचं?” चरख्यावरून सासऱ्यांनी विचारले. ते त्या दिवशीही चरख्यावरच होते.

ते नाव थोरलीच्या तोंडून यायचे नव्हते. जिच्या टोळीत दुसऱ्याचा आकडा देत नाहीत, तिने दुसऱ्याची कबुली द्यावी कशी?

बोळात फक्त तारदोर करकरत होता.

मग वरून आवाज आला. “ताई.”

धाकट्याने तोंड बोळाकडे केले होते. “पाच मी दिला. मास्तरांचा दिवस बुडू नये म्हणून. ते म्हणाले, दोन मिनिटं सांभाळ. मला वाटलं, तेवढ्यात येतील.”

हे ऐकून काका पहिल्यांदा वर पाहायला लागले. त्यांनी उंबरठा पाहिला. उंबरठ्यावर उभा आपला मुलगा पाहिला, तीनच्या जागेवर. त्याच्यापुढे टांगलेले ते काळे धूड पाहिले. खालची रिकामी खिडकी पाहिली, जिथे झोका आवरणारा कोणी नव्हता. थोरलीने ‘सोडा’ म्हटले असते, तर परतीचा झोका कुठे आला असता, हे त्या बोळात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्यांची नजर सावकाश खाली उतरली आणि स्वतःच्या उजव्या बुटावर येऊन थांबली, ज्यात पावलाऐवजी लाकूड होते.

“उतर,” ते पुटपुटले. मग ओरडले, “अरे, मागं हो तिथून!”

“ठोकळा दुहेरी आहे, बाबा. काही होत नाही.”

“मलाही तसंच वाटलं होतं!”

हे शब्द त्यांच्या तोंडून निसटले की त्यांनी सोडले, ते त्यांनाच ठाऊक. पण निसटलेला भार अर्ध्यावर धरता येत नाही. काकांनी एक मोठा श्वास घेतला, काठी टेकत ते बोळाच्या तोंडाशी चालत गेले आणि पहारेकऱ्यासमोर उभे राहिले. ऐन जवानीत दोघे एकाच डब्यातून जेवलेले.

“चार मी बोललो होतो,” काका म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. “तीनच्या जागेवरून. अंधार पडायच्या आत उरकू म्हणून. पाऊल गेलं, तेव्हा वाटलं, फिटलं.”

“पाऊल तुझं गेलं,” पहारेकरी म्हणाला. “माझे हात गेले. हे असे धडधाकट असून.” त्याने दोन्ही तळवे पुढे केले. “बायको विचारायची, कोणाचं ओझं टाकून पळालास? ती विचारतच गेली.”

काका तसेच उभे राहिले. मान झुकली होती, पण ते मागे फिरले नाहीत, आणि त्या माणसाच्या बाबतीत एवढेही फार होते. कारण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी त्यांची जन्माची ख्याती होती.

“बारा चाळीस,” मालक हळूच म्हणाले. आता त्यांच्या आवाजात घाई नव्हती, नुसती माहिती होती.

थोरली पहारेकऱ्यापाशी गेली. “हात दाखवा.”

“काय?”

“रीत आहे. दोराला हात लावणाऱ्याचे तळवे हाकारी पाहतो.”

त्याला समजायला क्षणभर लागला. समजले तेव्हा त्याने निशाण मालकांच्या हातात दिले. मालकांनीही ते मुकाट्याने धरले. थोरलीने ते दोन्ही तळवे आपल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिले. सुरकुतलेले होते, धड होते.

“वय झालंय माझं,” तो म्हणाला.

“आवरदोराला जोर लागत नाही, अंदाज लागतो. खुंट्याला तीन वेढे आहेत. जमेल का?”

“अंदाज चोवीस वर्षं रोज घेतोय. स्वप्नात.” मग तो थांबला. “पण पाच म्हणणार नाही मी. माझा आकडा पाच नव्हता.”

“तुमचा आकडा कोणाला दिलाच नाही. रिकामा आहे.”

तो जिना चढू लागला. त्याच्या मागे मास्तर निघाले, तेव्हा थोरलीने त्यांना हाताने अडवले. “तुम्ही इथं, माझ्या शेजारी. आज पाच बोलणार नाही.”

“गैरहजेरी मांडा,” मास्तर खालच्या आवाजात म्हणाले.

“धाकट्या!” ती वर ओरडली. “जागेवर राहा. खरं बोललास, जागा तुझीच. पण महिनाभर ठोकळे तू एकट्याने वाहायचे, आणि त्यात अर्धे मास्तरांच्या नावाचे.”

“वाहतो, ताई.”

“जोड ठोकळा काढा. चरख्यातली पहार काढा.”

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत पिकलेल्या मिशा दिसल्या. आवरदोर एकदा थरथरला, एकदा सैल पडला, मग हळूहळू ताणत गेला आणि स्थिर झाला. ज्याला दोर कळतो, त्याला तेवढ्यावरून कळते, धरणारा कोण आहे ते. काकांनी डोळे मिटून घेतले.

थोरलीने हात वर केला. साठी ओलांडलेला माणूस, साडेतीन टनांचे ओझे आणि उंबरठ्यावर घरचा एकुलता एक मुलगा. चुकले, तर आज केवळ काम जाणार नव्हते.

“आकडे!”

“एक!”

“दोन!”

“तीन!”

सवयीने साऱ्या टोळीने श्वास रोखला.

“चार!”

तो आवाज चिरका होता, गंजलेला होता, पण भिंतींवर आपटून बोळभर फिरला.

“सहा!”

“सात!”

“सोडा!”

ठोकळा निघाला. यंत्र उंबरठा सोडून बाहेर झुलले, आणि तुळई कण्हली. काळे धूड बोळावर आले, क्षणभर थबकले, मग परत फिरले, सरळ धाकट्याकडे. आवरदोर खुंट्याभोवती किंचाळला. एक वेढा सरकला. अर्धा सरकला. मग दोर ताठ झाला आणि यंत्र भिंतीपासून हातभर अंतरावर, कोणी कानाला धरून उभे करावे तसे थांबले. पुढचा झोका त्याहून लहान आला. त्यापुढचा आलाच नाही.

“उतरवा,” थोरली म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. “सावकाश. चरखा, दाताला दात.”

एकाला पाच मिनिटे असताना यंत्र जमिनीला टेकले. ओळंब्याच्या नातीने उतरवलेले ते यंत्र तसूभरही तिरके नव्हते. मालक काहीतरी म्हणू पाहत होते; बहुधा उरलेल्या सहा यंत्रांविषयी. थोरलीने हात करून त्यांना थांबवले. काम अजून संपले नव्हते. एक काम तर चोवीस वर्षांपासून संपले नव्हते. लेथच्या घातानंतर त्या दिवशी आकडे परत कोणी दिले नव्हते, कोणी मागितलेही नव्हते.

“आकडे परत!”

“सात!”

“मिळाला.”

“सहा!”

“मिळाला.”

आता दुसऱ्या मजल्यावरून आवाज यायचा होता. पण थोरलीनेच तोंड वर केले. रीत मोडून, हाकारीण असून, आकडा आधी तिनेच उच्चारला, मान पूर्ण वर करून, घंटाच्या आवाजात.

“चार, तुमचा तुम्हाला परत!”

खिडकीतल्या माणसाने दोर सोडला नव्हता. त्याने आधी खाली उभ्या असलेल्या काकांकडे पाहिले. मग काकांच्या मुलाकडे, जो दोन्ही पायांवर उंबरठ्यात उभा होता. मग तिच्याकडे.

“मिळाला,” तो म्हणाला. “पुरता मिळाला.”